अकरावा रकाना

१९७८ साल. मी चौतीस वर्षांचा होतो आणि आसगावकडच्या आमच्या गावात तळ्याचा पाणकर होतो. पाणकर म्हणजे तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, कधी जाईल आणि किती वेळ जाईल ते पाहणारा माणूस. सरपंच बदलतो, मास्तरची बदली होते, आमच्या मारुतीचं तोंडसुद्धा लोकांनी एकदा दक्षिणेचं पूर्वेला फिरवलं. पाणकर मात्र जागचा हलत नाही. आजा पाणकर, बाप पाणकर, मी पाणकर. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायलाच सांगतो, खोटं कायले बोलू.

बापाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, तुडूम उघडणं. तुडूम म्हणजे तळ्याच्या पाळीच्या, मातीच्या बंधाऱ्याच्या, खालून पाणी सोडायची दगडी मोरी. तिच्या खुंट्या एकेक करून काढायच्या, घाई केली की पाणी पाट फोडून जातं. दुसरी गोष्ट, पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यांच्या शेवटी भिजते. गावात बांध्या त्रेसष्ट. लोकांच्या बासष्ट भरल्या की मग आपली. बाप म्हणायचा, आपल्या बांधीत पाणी आधी दिसलं तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण लग्नात आपल्याला वरण पातळ वाढतील. बापाला वरणाचं फार होतं.

शिकवणं एवढंच. बाकी माझी शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मी दोन वर्षं काढली, म्हणून मी स्वतःला चौथी पास धरतो. हे गणित मास्तरला पटलं नव्हतं.

बापाच्या वेळी लिहिणं नव्हतं. कोणाचं पाणी झालं, कोणाचं राहिलं, हे तो पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली खडे मांडून ठेवायचा. एकदा कोणाच्या तरी बकऱ्यांनी खडे उधळले, तर त्याने न पाहता परत मांडले. पुढे तळं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसकडे गेलं. ऑफिसने मला पगार काही दिला नाही, रजिस्टर दिलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, एवढं जाड की उशाला घेतलं तर मान मोडावी. आणि त्यात छापलेले अकरा रकाने.

अनुक्रम नंबर. तारीख. शेतकऱ्याचं नाव. बापाचं नाव. गाव. बांधीचा नंबर. क्षेत्र. पीक. पाणी सोडल्याची वेळ. बंद केल्याची वेळ. आणि अकरावा, पार काठावरचा, अरुंद: पाणी कोणाच्या बांधीतून.

आता हा शेवटचा रकाना समजून घ्या. आमच्याकडे प्रत्येक बांधीपर्यंत पाट जात नाही. वरच्याची बांधी भरली की तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खालच्या अंगाने एक हात रुंद तोंड ठेवलेलं असतं, त्यातून पाणी खालच्याच्या बांधीत उतरतं. त्याची भरली की त्याच्या खालच्याच्या. असं पाणी माणसांच्या शेतांतून चालत जातं, जसा आपण शेजाऱ्याच्या अंगणातून विहिरीवर जातो. ते तोंड कोणी बुजवायचं नाही, हा गावाचा कायदा. कोणी लिहिलेला नाही. ऑफिसच्या कोण्या शहाण्याला तो लिहून ठेवावासा वाटला असेल, म्हणून अकरावा रकाना.

मी लिहितो हळू. आजही. अक्षर काढताना माझी जीभ बाहेर येते आणि ती आत गेल्याशिवाय पुढचं अक्षर सुचत नाही. एक ओळ अकरा रकाने भरायची तर मला पाव तास लागायचा. तेवढ्यात पाणी थांबून राहते काय? पोळा झाल्यानंतर पाणी सोडायच्या पहिल्या पाळीत मी सतरा नंबरवाल्याच्या बापाचं नाव लिहीत बसलो होतो. त्याच्या बापाचं नाव जोडाक्षरांनी भरलेलं. मी त्यातलं दुसरं जोडाक्षर काढून राहिलो होतो, तेवढ्यात सतरा नंबरचा धुरा फुटला आणि रोवलेलं धान अठरा नंबरात वाहून आलं. दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या. एरवी ते दोघे एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते.

त्या दिवशी मी पाळीवर बसून रजिस्टर पहिल्या पानापासून पाहिलं. दोन वर्षांचं माझंच लिहिणं. गावाचा रकाना: सगळीकडे एकच गाव. तळं एका गावाचं, दुसऱ्या गावाची बांधी येईल कुठून, उडत? पिकाचा रकाना: धान, धान, धान, धान. आमच्याकडे तळ्याखाली कोणी सफरचंद लावत नाही. बापाचं नाव: बापाला पाणी द्यायचं नव्हतं, बरेचसे बाप मेलेले होते. क्षेत्र: बांधी काय दर पंधरा दिवसांनी लांब-आखूड होते? नंबर सांगितला की मालक आला, मालकाबरोबर त्याचा बाप आला, क्षेत्र आलं, पाणी कोणाच्या बांधीतून येतं तेही आलं. एका नंबरात सगळं बसलेलं. बाकीचं म्हणजे एकाच माणसाला एकावर एक आठ सदरे घालण्यासारखं होतं.

मी अड्याळच्या बाजारातून शाळेची वही आणली. बांबूची पट्टी करून तिच्यावर रेघा मारल्या. रकाने तीन: बांधीचा नंबर, पाणी सोडलं, पाणी बंद केलं. तारीख पानाच्या डोक्यावर एकदाच. ओळ लिहायला मला आता श्वास घ्यायचा तेवढाच वेळ लागे. त्या पाळीत एकही धुरा फुटला नाही.

माझी नात पुण्याला संगणकाच्या कामावर आहे. मागे आली तेव्हा मी तिला विचारलं की दिवसभर काय करतेस, आणि तिने सांगितलं त्यातलं मला कळलं ते असं. संगणकात फायली ठेवायची जी मुळातली व्यवस्था असते, तिच्यात दर फायलीमागे एक चिठ्ठी असते. फाईल कोणाची, केवढी, कधीची. त्या चिठ्ठीत काही रकाने फुकटचे असतात, दुसऱ्या रकान्यावरून आपोआप कळेल तेच पुन्हा लिहिलेलं. ते ही पोरगी खोडून काढते. चिठ्ठ्या लाखांनी असतात, म्हणून पुष्कळ जागा वाचते. मी तिला म्हटलं, हे मी अठ्ठ्याहत्तर सालीच केलं होतं, आणि बांबूच्या पट्टीने. ती हसली. मग म्हणाली, "पण आबाजी, खोडायच्या आधी आम्ही सगळीकडे शोधतो, तो रकाना वाचते कोण. कोपऱ्यातला एखादा प्रोग्राम जरी तो वाचत असला आन् आम्ही खोडला, तर तो प्रोग्राम बंद पडते. तुमी शोधलं होतं का?"

मी तिला सुपारी फोडून द्यायला सांगितली.

तर वही चालू झाली आणि महिन्याभरात ऑफिसचा बाबू तपासणीला आला. बाबू म्हणजे चष्मा, सायकल आणि सायकलच्या दांड्याला बांधलेली छत्री. ऊन असो पाऊस असो, छत्री दांड्यालाच. मी तेव्हा पाळीवर होतो, आणि माझ्याजवळ दहा-बारा लोक पाण्याच्या पाळीसाठी बसलेले. बाबूने वही उघडली, मिटली, परत उघडली. मग रजिस्टर कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरी आहे, माझी बायको त्याच्यावर पापड वाळवते.

हे खोटं होतं. पण दहा-बारा लोक बसले होते ना.

बाबू म्हणाला की सरकारी रकाना असा कोणालाही काढता येत नाही. मी म्हटलं, बाबूजी, तुम्ही माझ्या वहीतला कोणताही नंबर सांगा आणि गेलेल्या आठ रकान्यांतलं काहीही विचारा. चुकलो तर तळ्यात उडी मारतो. लोक सरकून जवळ बसले. बाबूने नऊ नंबरचा बाप विचारला, मी सांगितला, वर त्याच्या आईचं माहेर सांगितलं. बावन्न नंबरचं क्षेत्र विचारलं, सांगितलं. सव्वीस नंबरला पाणी कोणाच्या बांधीतून? पंचवीसच्या. चाळीसला? पाटातून. एक्केचाळीसला? चाळीसच्या. मी सांगत होतो आणि लोक माना डोलवत होते, जसे भजनात डोलवतात. शेवटी बाबूने पीक विचारलं. तेव्हा जो हशा झाला त्याने तळ्यातली बदकं उडाली.

बाबूने चष्मा पुसला आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला. "हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. उद्या कोणी नाही म्हटलं, तर डोकं फोडून दाखवशील?"

"सगळ्याले मालूम आहे, बाबूजी," मी म्हटलं. "सगळ्याले मालूम असते ते लिहायचं कायले?"

लोकांनी परत माना डोलवल्या. मी ते शब्द मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ते मला माझ्याच तोंडावर ऐकावे लागले.

बाबूने घरून रजिस्टर मागवलं. पापडाचा एकही कण त्यावर नव्हता, हे पाहून त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग रजिस्टरच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं की मी माझ्या जबाबदारीवर आठ रकाने बंद केले आहेत. जबाबदारी हा शब्द लिहायला मला फार वेळ लागला, आणि सगळे लोक माझी जीभ पाहत बसले. रजिस्टर कॅरियरला लावून बाबू गेला. संध्याकाळी मला गावात चार ठिकाणी चहा मिळाला. बायको म्हणाली, "माया पापडाचं नाव कायले घेतलं?" तिला अभिमान कमी आणि पापडाची काळजी जास्त.

त्या साली हत्ती नक्षत्राचा पाऊस आलाच नाही. आमच्याकडे भारी धान, म्हणजे उशिरा येणारं, नेमकं त्याच दिवसांत निसवतं. लोंब बाहेर पडायच्या वेळी पायाशी पाणी नसलं तर दाणा भरत नाही, नुसतं पोचट टरफल हाती येतं. म्हणून दसऱ्यानंतरची ती एक पाळी म्हणजे वर्षाचा भात. तळ्यात पाणी होतं, पण मोजकं. मी तुडुमाच्या खुंट्या जपून काढल्या आणि पाळी सुरू केली.

चाळीस नंबरापर्यंत सगळं सरळ गेलं.

चाळीस नंबरात तोवर दोन भाऊ एकत्र होते. त्याच उन्हाळ्यात ते वेगळे झाले, आणि बांधीच्या मधोमध नवा धुरा पडला. डावीकडचा तुकडा थोरल्याचा, उजवीकडचा धाकट्याचा. दोघांनाही वरून पाट लागत होता. त्यांच्या खाली एक्केचाळीस नंबर, अर्ध्या एकराचा, एका म्हाताऱ्या विधवेचा. साऱ्या गावाची ती काकी, म्हणून माझीही काकी. तिच्या बांधीला पाट लागत नव्हता. तिचं पाणी तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून चाळीसमधून उतरायचं. नवा धुरा घालताना जुनं तोंड नेमकं त्या धुऱ्याखाली गेलं, पण तोवर काकीचं पावसावर भागलं म्हणून ते कोणाला जाणवलं नव्हतं. आणि दोघाही भावांनी सहा दिवसांआधी धानाला युरिया दिला होता. खालच्याला पाणी उतरवायचं म्हणजे त्यासोबत आपलं खत उतरवायचं.

मी सकाळी गेलो तर दोन्ही तुकडे काठोकाठ भरलेले, आणि काकीच्या बांधीत माझी करंगळी जाईल एवढ्या भेगा. काकी धुऱ्यावर बसली होती. मी थोरल्याला म्हटलं, तोंड खोल. तो म्हणाला, तोंड धाकट्याच्या वाट्यात गेलं. मी धाकट्याला म्हटलं. तो म्हणाला, तोंड दादाच्या वाट्यात आहे. उन्हाळ्यापासून एकमेकांच्या विहिरीवर न जाणारे दोघे त्या दिवशी किती एका मनाने बोलत होते.

मी म्हटलं की वाट्याचं मला सांगू नका, एक्केचाळीसला पाणी चाळीसमधून जाते, हे साऱ्या गावाले मालूम आहे.

थोरला फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. "असंन," तो म्हणाला. "पण कोणत्या चाळीसमधून? लिहिलं आहे का गा कुठं?"

मी वही उघडली आणि तीन रकाने पाहून मिटली.

"तूच म्हटलं होतं ना पाळीवर," तो म्हणाला, "मालूम असते ते लिहायचं कायले."

धाकटा हसला नाही. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, फावडं मारता आलं असतं.

दुपारी मी पाळीवर लोकांना जमवलं. तेच दहा-बारा लोक, तेच मोहाचं झाड. मला वाटलं, आता एकेक जण उठेल आणि सांगेल. एकाने पायाला रुतलेला काटा काढायला घेतला. एकाला आठवलं की म्हैस सोडायची आहे. जो उरला तो म्हणाला की आपल्याला माहीत आहे, बराबर माहीत आहे, पण दोघा भावांच्या मध्ये आपण कशाला पडा. मग थोरला म्हणाला की ऑफिसात जुनं रजिस्टर आहे, त्यात अकरावा रकाना आहे. त्यात जे लिहिलं असेल ते आम्ही दोघेही मानू. धाकटाही हो म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. ऑफिसात मलाच जायचं होतं.

काकी उठली, तिने लुगड्याची माती झटकली. "तुया वहीत मी आहो का नाई, पोरा?" तिने मला विचारलं.

"आहेस ना, काकी. एक्केचाळीस नंबर."

"नंबर आहे," ती म्हणाली. "रस्ता नाई."

आणि घराकडे गेली. तिने मला दुसरं काही सुनावलं नाही. तिचं धान अजून तीन दिवस तग धरेल, जास्तीत जास्त चार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेलो. सायकलवर, धुतलेलं धोतर नेसून. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ केलं. त्यात माफी हा शब्द कुठे येणार नाही याची मी खबरदारी घेतली होती. बाबूने मला दुपारपर्यंत बाकावर बसवलं. तो काही कामात नव्हता, मी पाहत होतो; त्याने नखं कापली, टेबलावरचा एक कागद डावीकडून उजवीकडे ठेवला आणि मग परत डावीकडे. तिथे मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग त्याने रजिस्टर काढलं. आधी शेवटचं पान उघडलं आणि माझं लिहिलेलं मोठ्याने वाचलं, जबाबदारीसकट. समोरच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. मग त्याने पाणी वाटपाचं पान काढलं, एक्केचाळीस नंबरावर बोट ठेवलं आणि ते बोट आडवं सरकवत अकराव्या रकान्यात नेलं.

तिथे दोन टिकल्या होत्या.

वरच्या ओळीत आहे तेच, अशी खूण करायला आपण खाली दोन टिकल्या मारतो ना, त्या. चाळीस नंबरापुढे टिकल्या. एकोणचाळीसपुढे टिकल्या. पानभर वरून खाली टिकल्याच टिकल्या, मुंग्यांची रांग चालावी तशा. आणि पानाच्या डोक्यावर, पहिल्या ओळीत, माझ्या अक्षरात एकच शब्द: पाटातून. बाबूने दुसरं पान उलटलं. पाटातून, टिकल्या. तिसरं. पाटातून, टिकल्या. दोन वर्षांचं रजिस्टर. लिहायचा कंटाळा म्हणून मी अकरावा रकाना कधी भरलाच नव्हता. कागदावर गावातल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट बांध्यांना थेट पाटातून पाणी मिळत होतं.

बाबू एवढा हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग तो पुसता पुसता म्हणाला, "तुझ्यावर मी रागावलो होतो रे. उगाच. रकाना तू काढलास कुठे? तो तू आधीच मारून ठेवला होता. नंतर नुसतं उचलून फेकलं."

मी म्हटलं, बाबूजी, तुम्ही दोन वर्षं तपासणीला येत होता, दर पानावर तुमची सही आहे.

तो हसायचा थांबला. त्याने चहा मागवला, दोन कप. चहा पिताना आम्ही दोघेही टेबलाकडे पाहत होतो. त्याने विचारलं, बाईची बांधी वाचेल का. मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, कागदावर तरी तिला पाटातून पाणी आहे. याचा काही उपयोग होत असेल तर मी एक नक्कल लिहून देतो. आणि त्याने सुंदर अक्षरात नक्कल लिहून दिली. एक्केचाळीस नंबर, पाणी पाटातून. शिक्का मारला. मला वाटतं त्यालाही ठाऊक होतं की हे खोटं आहे, आणि खोटं कोणाचं आहे तेही.

परत येताना मी सायकल फार हळू चालवली. नक्कल खिशात होती. भावांना ती दाखवली तर काय होणार ते उघड होतं: ते म्हणणार, बघ, पाटातून आहे, आमचा संबंध नाही, आण तिला पाटातून. आणि मानू म्हटलं तसं ते खरंच मानणार.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा कोणालाही सांगितली नाही. काकीच्या बांधीला वरून चाळीस नंबर लागत होता हे खरं, पण उगवतीच्या अंगाने तिला बेचाळीस लागत होता. आणि बेचाळीसला पाट लागतो. बेचाळीस नंबर माझा. त्यातून तिला पाणी नेता येईल हे मला पहिल्याच दिवशी, थोरला फावड्यावर हनुवटी टेकून बोलत होता तेव्हाच दिसलं होतं. पण साधं धुऱ्याला तोंड पाडून न्यायचं तर आधी माझी बांधी भरणार, अजून बावीस लोकांची राहिलेली असताना. बापाचा नियम मोडणार. आणि नियम न मोडता न्यायचं तर माझ्या उभ्या, निसवत्या धानातून वेगळा पाट खोदावा लागणार, दोन्ही बाजूंनी धुरे घालून, माझ्या धानाला थेंब न लागू देता. एवढी माझी जागा जाणार, एवढं माझं धान जाणार, आणि सगळं गाव पाहणार की पाणकराने चूक केली ती स्वतःच्या शेतात पुरून राहिला. म्हणून मी सभा घेतली. म्हणून मी धोतर धुऊन तालुक्याला गेलो. तीन दिवसांतले दोन मी असे घालवले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. टिकल्यांचंसुद्धा. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं की खोदायला किती लागेल. मी म्हटलं, उगवता उगवता लागलो तर ऊन चढेपर्यंत. तिने विचारलं, धान किती जाईल. मी हाताने दाखवलं. तिने हात पाहिला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग दोन दिवस कायची वाट पाहून राहिले होते?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिसायला लागल्याबरोबर, मी फावडं घेऊन बेचाळीस नंबरात उतरलो. पाटापासून काकीच्या धुऱ्यापर्यंत दोन हात रुंद पट्टी आखली आणि तिच्यातलं धान उपटलं. लोंब नुकतेच बाहेर येत होते, हातात हिरवे, ओले. बायकोने पेंढ्या बांधून बैलांसमोर टाकल्या. त्या साली आमच्या बैलांइतकं चांगलं कोणी खाल्लं नाही. मी खोदत गेलो आणि निघालेली माती दोन्ही अंगांना थापत गेलो. ऊन धुऱ्यावर आलं तेव्हा दोघे भाऊ आपापल्या तुकड्यात येऊन उभे राहिले. मी त्यांना नक्कल दाखवली. थोरल्याने शिक्का पाहिला, पाटाकडे पाहिलं, आणि नक्कल मला परत दिली. थोड्या वेळाने धाकटा आपलं फावडं घेऊन उतरला आणि खालच्या टोकाकडून माती थापू लागला. मी त्याला बोलावलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नाही.

पाटाचं तोंड फोडलं. पाणी माझ्या धानाच्या मधून गेलं, डावीउजवीकडची माती भेगाळलेली, आणि पाणी मधून सरळ काकीकडे. काकी तिच्या धुऱ्यावर उभी होती. पाणी उतरलं तेव्हा तिने लुगडं वर खोचलं आणि त्यात पाय घालून उभी राहिली.

मी वही काढली. बांबूची पट्टी लावून चौथी रेघ मारली आणि वर लिहिलं, पाणी कोणाच्या बांधीतून. एक नंबरापासून सुरुवात केली, प्रत्येकापुढे पूर्ण लिहिलं, टिकली एकही नाही. अकरा-बारापर्यंत आलो असेन, तेवढ्यात नव्या धुऱ्याला एक भोक पडलं आणि पाणी माझ्या धानात शिरायला लागलं. मी त्या भोकात टाच रोवली. फावडं दूर होतं, बायको घरी गेली होती, आणि धाकट्याला हाक मारायची नव्हती. म्हणून मी तसाच एका टाचेवर जोर देऊन, जीभ बाहेर काढून, त्रेसष्ट नंबरापर्यंत लिहीत उभा राहिलो.